माझ्या यंत्राचं मंगलाष्टक

घशातल्या कॅन्सरपायी माझं स्वरयंत्र काढलं, तेव्हा मी आता गप्पच बसणार हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. अमरावतीच्या शाळेत संगणक शिकवण्यात, म्हणजे मुख्यतः ओरडण्यात, माझं आयुष्य गेलं होतं. गप्प बसायची मला सवयच नव्हती.

अशात अकोल्याला भाचीचं लग्न निघालं. आमच्या घरात शेवटचं मंगलाष्टक नवरीचा मामा स्वतः रचून म्हणतो. नवरीची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. ती येऊन म्हणाली, "दादा, या वेळी राहू दे. नाही तर मोबाइलवर टाक ना. तो चांगला बोलते."

चांगलाच बोलतो. बातम्या दिल्यासारखा, गुळगुळीत. पण तो कोण कुठला माणूस? मी जवळच्या पाटीवर लिहिलं, "उसना गळा मले नको."

माझा आवाज माझ्याकडे होता. शाळेने भंगारात काढलेला ऐंशीच्या दशकातला संगणक मी घरी आणून जिवंत ठेवला होता. त्याला टीव्ही जोडायचा आणि कॅसेटवरून बोलण्याचा प्रोग्राम चढवायचा. तो शब्द वाचत नाही. एकेक ध्वनी टाइप करून द्यावा लागतो, स्वर कुठे चढवायचा, कुठे लांबवायचा तेही आकड्यांत सांगावं लागतं. मूळचा इंग्रजीसाठी बनवलेला, त्यामुळे ळ आणि ण त्याच्या खिजगणतीत नाहीत. मी त्या दोघांना टाळूनच अख्खं मंगलाष्टक रचलं. आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा यायचा, पण त्यातला प्रत्येक चढउतार माझ्या बोटांनी घातलेला होता.

"लोक हसतीन," बहीण म्हणाली.

"हसू दे. वर्गातही हसत," मी लिहिलं.

मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. मी तिथेच टेबल मांडलं. फोटो काढणारा म्हणाला, "काका, टीव्ही बाजूले घ्या, फोटोत येऊन राहिला." येऊ दे की. मी तसूभरही हललो नाही.

पहिली ओळ वाजली आणि मांडवात खसखस पिकली. दुसरीला पोरं मोबाइल घेऊन पुढे आली. मी आवाज आणखी वाढवला. तिसऱ्या ओळीला हसणं विरलं, कारण शब्द आता कळू लागले होते. चौथी ओळ आली आणि यंत्र "शुभमंगल" म्हणून गप्प झालं.

तो प्रोग्राम ठरावीक लांबीचीच ओळ घेतो, उरलेली मुकाट्याने कापतो. हे मला ठाऊक होतं. पण शेवटचा शब्द मी तालमीत एकदाही वाजवला नव्हता. मांडवाबाहेर 'सावधान' उगाच म्हणू नये असं आई बजावायची, आणि संगणकाचा मास्तर असूनही मी ते पाळत आलो होतो.

सगळा मांडव मुठीत अक्षता धरून खोळंबला. मी घाईने एकेक ध्वनी टाइप करू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या मुकेपणाची लाज वाटली. गुरुजींनी घसा खाकरला. माझा शब्द ते उरकून टाकणार होते. बहिणीनेही त्यांना मान हलवून होकार दिला.

अंतरपाटासमोर उभ्या भाचीने मागे न बघता हार धरलेला हात वर केला.

"गुरुजी, थांबा," ती म्हणाली. "मामा बोलून राह्यले ना."

यंत्रातून चकार शब्द येत नव्हता. मी अजून टाइपच करत होतो.