परब मास्तरांची दसऱ्याची परीक्षा

दसऱ्याच्या सकाळी सगळे लोक गाडीला हार घालतात. परब मास्तर हार बाजूला ठेवून आधी परीक्षा द्यायचे. आमच्या चारकोपच्या सोसायटीत सहा बादल्या पालथ्या घालून त्यांच्यामधून गाडी उलटी घेत इंग्रजी आठ काढायचा, गेटच्या चढावर मागे न घसरता गाडी उठवायची आणि शेवटी पंचवीस पावलांवरच्या गाडीचा नंबर वाचायचा. पास झाले तरच हार. नाहीतर किल्ली परीक्षकाच्या हवाली. नियम त्यांचाच. परीक्षक म्हणून दर वर्षी त्यांचा एखादा जुना विद्यार्थी.

आता ते मालवणला लेकीकडे असतात. त्याआधी पस्तीस वर्षं त्यांनी इथे लोकांना गाडी शिकवली, मलाही. माझा गिअर चुकला की ओरडायचे नाहीत, शिट्टी वाजवायचे. एकदा दहिसर नाक्याजवळ इतक्या जोरात वाजवली की आजूबाजूच्या चार गाड्या थांबल्या. मी तेवढी चालतच राहिले. “गो बाय,” ते कपाळाला हात लावून म्हणाले, “गाडी चालवूक सगळ्यांका येता. थांबवूक येता तो ड्रायव्हर.”

मी परीक्षक झाले त्या वर्षी मी एक पत्रक छापून सोसायट्यांमधून वाटत होते. प्रत्येक चालकाची दर पाच वर्षांनी परीक्षा घ्या, डोळे तपासा, वय बघू नका, वशिला बघू नका! आपल्याकडे लायसन्स एकदा हातात आलं की माणूस जन्मभराचा हुशार ठरतो, याचा मला संताप होता. अजूनही आहे. पत्रकातलं सगळ्यात चांगलं वाक्य मात्र माझं नव्हतं. “पावसाआधी घराची कौलां दरवर्षी चाळून बघतत,” मास्तर म्हणायचे, “मगे ड्रायव्हराक एकदाच कित्याक?”

त्र्याहत्तराव्या वर्षीही ते इमारतीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात ने-आण करायचे. म्हणून परीक्षेआधीच तळमजल्यावरच्या नाईक आजींनी मला जिन्यात गाठलं. “बुधवारी डायलिसिसला मला तू नेणारेस? नाही ना? मग गप पास कर त्याला!”

आठ त्यांनी असा काढला की बादल्यांना वारासुद्धा लागला नाही. चढावर गाडी मांजरासारखी उठली. गॅलऱ्यांमधून शिट्ट्या, टाळ्या. मी पंचवीस पावलांवरची देसायांची पांढरी गाडी दाखवली. मास्तरांनी अक्षरं-आकड्यांसकट नंबर खणखणीत वाचला. पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या आणि मग माझे हात हवेतच थांबले.

देसायांनी गाडीला एवढा मोठा हार घातला होता की नंबरप्लेट झेंडूखाली पूर्ण गडप झाली होती. एक आकडा दिसत नव्हता.

“मास्तर, नंबर कुठे दिसतोय?”

“थंयच, गाडीर.”

“तिथे झेंडू आहे.”

 सगळ्यात आधी हसले ते मास्तरच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. “माका दिसणा नाय गो,” ते म्हणाले. “पावसापासून धुरकट दिसता.”

पावसापासून! आणि नाईक आजींना घेऊन दर बुधवारी! मला राग आला, आणि तरी पेनाचं टोपण मी परत लावलं. तळमजल्याच्या खिडकीतून आजी ओरडत होत्या, “सणाच्या दिवशी कसले डोळे तपासतेस गं!”

“पत्रकां काढतंस आणि आता भियातंस?” मास्तर म्हणाले. “लिही. नापास.” किल्ली माझ्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं, “तुझा लायसन्स किती वर्सांचा?”

“सात.”

“त्यात परीक्षा किती दिलंस?”

पाच वर्षांचं पत्रक वाटणारी मी, आणि एकही नाही. मग गाडीत बसले. दोन बादल्या चिरडल्या, तिसरी गेटपर्यंत लोळत गेली. नापास. गॅलऱ्या इतक्या हसल्या की देसाई अंघोळ अर्धवट टाकून टॉवेलवर बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दोघं नापास रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो. मास्तरांना राहवेना. “काय रे, पुढच्या बसचा नंबर वाच बघू.”

“अंकल, उतरो,” रिक्षावाला म्हणाला.

दुसऱ्यानेही उतरवलं. तिसरा मात्र पुढच्या बसकडे बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला. “दोनशे... काहीतरी आहे, काका.” मग दवाखान्यापर्यंत त्याने रिक्षा सावकाश चालवली. आम्ही आत जाऊन बसलो, तर दारात हा उभा. रिक्षा लॉक करून आला होता.

“काका, इथे मलापण बघतील ना?”

मास्तरांनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.