सुनेचा सावडीवरचा लेख

बायको गेली त्या साली घरात दोनच गोष्टींचं बोलणं चालायचं. एक तिच्या वर्षश्राद्धाचं, दुसरं सुनेच्या लेखाचं. श्राद्धाची काळजी मला नव्हती, ते भावकी उरकणार होती. लेखाची होती. त्या लेखात माझी बायको बोलत होती, आणि ते बोलणं काढून टाकायची वेळ आली होती.

आमचं गाव राजुरीच्या शिवेला. सून कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. म्हणजे नक्की काय शिकवते ते मला अजून उमगलेलं नाही, माझी शाळा चौथीत सुटली. नवी लग्न होऊन आली तेव्हा तिनं सासूला सावडीबद्दल विचारलं. सावड म्हणजे आज आळीतल्या बायांनी माझ्या रानात खुरपायचं, उद्या मी त्यांच्या रानात जायचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. बायको म्हणाली, "ह्यात इचारायसारखं काय हाय? खुरपं घे नि चल." सून खरंच गेली. खुरप्याबरोबर टेपरेकॉर्डर घेऊन गेली. पुढं दोन-तीन सुगी ती बायांचं बोलणं भरून घेत होती. बायको त्या यंत्रापुढं वरडून बोलायची, त्याला जसं काही कमी ऐकू येतं.

मग तिचं दुखणं निघालं, आणि ती गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

लेख सुनेनं ती गेल्यावर पुरा केला, इंग्रजीत. एका मोठ्या जर्नलकडं पाठवला. काही महिन्यांनी परत आला, सोबत शेऱ्यांचे कागद. सून ते कागद घेऊन माझ्यासमोर बसली.

"मामा, लेख दोन परीक्षकांकडं जातो. लिहिणारी कोण ते त्यांना सांगत नाहीत, आणि ते कोण ते मला."

"म्हंजे आंधळी कोशिंबीर."

"तसंच."

"मग सापडलं कोण?"

ती हसली नाही. म्हणाली, "आत्या सापडल्या." सासूला ती आत्या म्हणायची.

तिनं मला ते सगळं मराठीत सांगितलं. पहिल्या परीक्षकाला लेख आवडला होता. दुसऱ्याचं म्हणणं असं, की ही जी बाई आपल्या थोरल्या जावेबद्दल बोलते, तिचं नाव बदललं तरी गावात कुणीही जावेला ओळखील. जाऊ जिवंत आहे. तिला तो मजकूर दाखवा, तिची परवानगी घ्या, नाहीतर तेवढा भाग काढा. महिनाअखेर लेख परत पोचला पाहिजे, नाही पोचला तर विषय संपला.

"काढला तर काय राहतं?" मी विचारलं.

"लेख राहतो. आत्या राहत नाहीत. बाकीचं सगळं माझं आहे."

घरात बायकोचा एकच फोटो आहे. कुणाच्या तरी लग्नात काढलेला, त्यातही तिनं तोंड फिरवलेलं. तिला लिहिता येत नव्हतं. मी कधी तिचं काही लिहून ठेवलं नाही, माणसं बायकोचं बोलणं लिहून ठेवतात का? आता तिचं म्हणून कागदावर काही असेल तर ते हेच, आणि तेच काढायचं.

"आणि नाव? नाव तरी तिचं हाय का खाली?"

"नाव घालता येत नाही, मामा. नियम आहे. खोटं नाव द्यायचं."

माझं डोकं फिरलं. "बियाण्याच्या पिशवीवर कंपनीचं नाव आसतंय. बाईच्या बोलण्यावर बाईचं नाव नको? कसला त्यो नियम?"

सुनेनं कागद गोळा केले. तिला माहीत होतं की मी तिच्यावर चिडलो नव्हतो.

थोरली वहिनी, म्हणजे तीच ती जाऊ, शेजारीच राहते. भाऊ वारला, पण घर तिच्या हातात आहे, विहिरीला पाणी आहे, रान मोठं आहे. तिच्याकडं हे घेऊन जायचं म्हणजे आग्यामोहळाला दगड मारायचा. मी म्हणालो, "नको विचारू. महिनाभर घराला घर लागून भांडण." सून म्हणाली, "न विचारता छापणं बरोबर नाही." दोन-तीन दिवस तसेच गेले. तारीख जवळ आली. शेवटी सूनच गेली आणि वहिनीला ओट्यावर बोलावून आणलं.

सुनेनं आडपडदा ठेवला नाही. सगळं सांगून टाकलं. वहिनी ऐकून घेऊन म्हणाली, "ती माझ्याबद्दल आसं बोलायचीच न्हाई. तुझ्या मनाचं घातलंस, पोरी."

सून उठली आणि टेप घेऊन आली.

मी उठून जायला हवं होतं. पण वहिनीसमोर उठलो असतो तर तिला वाटलं असतं घाबरला. बसलो. बटण दाबलं आणि बायको बोलायला लागली, तशीच, वरडून.

"सावड बरोबरीच्यांत आसती, बाय! मोठ्या घरची बाई काय करती? समद्यांना आधी आपल्या रानात नेती, ओल आसंस्तवर. आमचं रान येतंय तवर ओल मोडलेली. खुरपं दगडावर मारल्यावाणी वाजतं. हिशेबाला एक दिस म्हंजे एक दिस, पर ओल्या रानातला दिस नि वाळल्या रानातला दिस सारखा व्हय? ह्ये कुनी बोलत न्हाई. मी बोलती." मग तिचा खोकला, आणि मागं कुणाचं तरी हसणं.

सुनेनं बटण बंद केलं. मी उपरण्यानं तोंड पुसलं. उकडत होतं असं नाही.

वहिनी माझ्याकडं वळली. "भावजी, हे तुमीबी मानता?"

"मी खुरपायला नव्हतो."

"तसंच बोलायचं तुमी. आयुष्यभर तसंच बोललात." मग सुनेकडं वळून, "लिव्हून घे. पयल्या दिवशी माझ्या रानात यायच्या, कारण दुपारची भाकर माझ्या चुलीवरची आसायची. कालवण माझं, समद्यांना. हिच्या घरी दाणा नव्हता तवा कुठं बसून जेवली ती? आन् हिच्या दोन्ही बाळंतपनात हिचं रान कुनी खुरपलं? मी. त्यो दिस मी मोजला न्हाई. ती यंत्रात बोलली का हे?"

"नाही," सून म्हणाली.

"कशाला बोलंल! मेलेल्या बाईचं छापता, जितीला कुनी इचारत न्हाई. माझं घाल. तिच्या खाली माझं घाल, मग छाप तिचं काय छापायचं ते. तिचं काढू नको. काढलंस तर मी कुनाला उत्तर देऊ?"

सुनेनं टेप पुन्हा लावला आणि वहिनीचं भरून घेतलं. मला सुटल्यासारखं वाटलं, पण सुनेचा चेहरा पडलेला. एवढं नवं घालायचं म्हणजे तेवढं दुसरं कमी करायचं, लेखाची लांबी ठरलेली असते. मी म्हणालो, "तुझं काप." ती म्हणाली, "तेच करणार आहे." मग कागद पुढं ओढला, "आता नावं सांगा. दोघींना खोटी नावं पाहिजेत."

आमच्या पिढीत लग्नात नवरीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, ते मीच लिहिलं होतं, थोरल्यांनी सांगितलं तसं. त्याआधी बायकोचं दुसरं नाव होतं. माहेरी, महाळुंगे पडवळकडं, तिचा भाऊ त्याच नावानं हाक मारायचा. माझ्या घरात एकदाही कुणी मारली नाही. मी ते नाव सांगितलं.

सून थांबली. "मामा, हे खोटं कुठंय? हे तर खरं."

"ह्या गावात कुनाला ठावं हाय? नियम काय म्हंतो, गावानं वळखू नये. नाय वळखत."

"मला ठावं हाय," वहिनी म्हणाली. ती लग्नात होती. "पर तिला त्या नावानं हाक मारली आसती तर ती वळलीबी नसती, भावजी. इसरली व्हती ती." थोडं थांबून म्हणाली, "माझंबी माहेरचंच घाल. ते घेनारं आता कुनी उरलं न्हाई."

सुनेनं दोन्ही नावं लिहिली. तिच्या मनाला ते पुरतं पटलं होतं असं मला वाटत नाही. पण परवानगीच्या कागदावर वहिनीनं अंगठा उठवला.

पाठवायला आळेफाट्याला गेलो. तिथं एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर इंटरनेटचं दुकान होतं. सून एकटी जाते म्हणाली, पण मला घरी बसवेना. आदल्या दिवशी दुपारभर लाईट नव्हती, आणि आज शेवटचा दिवस. लेख चढायला लागला आणि मध्येच अडकला. सुनेनं पुन्हा लावला, पुन्हा अडकला. खाली कुणीतरी ट्रकच्या चाकावर घण मारत होतं, प्रत्येक घावाला वाटायचं आता लाईट जाणार.

दुकानवाला मदतीला येऊन उभा राहिला. कंप्युटरच्या काचेवर लेख उघडा होता. त्याला इंग्रजी येत असावं, तो मनातल्या मनात वाचत गेला आणि बोट ठेवून म्हणाला, "काका, ह्या बाया आपल्याकडच्या दिसतात. ही पयली लई फाटक्या तोंडाची हाय राव. कोण ही?"

त्याच्या बोटाखाली तिचं नाव होतं. लहानपणीचं, भाऊ हाक मारायचा ते, इंग्रजीतलं तेवढंच सुनेनं मला आधी दाखवून ठेवलं होतं. सून मान न वळवता माझ्याकडं बघत होती.

"कुनी न्हाई," मी म्हणालो. "नावं खोटी हायेत. मनानं घातल्यात."

"वाटत न्हाई तसं."

"तुमी तेवढं पाठवा, भाऊ."

त्यानं बोट काढलं, खुर्ची ओढली आणि स्वतः पाठवायला बसला. लेख गेला. सून पैसे द्यायला थांबली, आणि मी खाली उतरून गॅरेजच्या सावलीला टायरांवर बसलो. ती येईपर्यंत मी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. सवय नव्हती, नीट येईना.