कल्याणकडे, बांधाबांधाने

सायकलने कल्याणला जायचं, तेही हमरस्त्याने नव्हे तर खाडीच्या कडेकडेने, हे मी जाहीर केलं तेव्हा आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत कुणीही कौतुक केलं नाही. "अहो, गाडी आहे की," हिने आठवण करून दिली. शेजारी म्हणाले, "गुडघे परत आणा म्हणजे झालं." मी कचेरीत टंकलेखन करणारा, पंचेचाळिशीचा माणूस. ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपासची. ठाण्यात रोज नवा पाया खणला जात होता, आणि खाडीकाठ बुजायच्या आत एकदा डोळ्यांखालून घालावा एवढंच माझ्या मनात होतं.

आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. सकाळी सहाला निघालो, कळव्याचा पूल ओलांडला. खारेगावापाशी पारसिकचा डोंगर हिरवागार दिसला आणि मी उगाचच घंटी वाजवली. मुंब्र्याला चहात बुडवून खारी खाल्ली. पुढे रेतीच्या होड्या, चढावर निखळलेली चेन, काळे हात. दिव्याच्या पुढे डांबरी रस्ता संपला आणि खाडीचा बांध सुरू झाला. डावीकडे तिवरं (खाऱ्या चिखलातली झाडं), उजवीकडे खाजणातला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला) भात, कणसं नुकती भरू लागलेली. इतकं सुंदर काही आपल्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, हा बांध कल्याणला जातो का?"

"बांध जातंय," तो मान वर न करता म्हणाला. "सायकल जाईल का, ता तुमी बघा."

अर्ध्या तासाने बांधावर मधोमध एक हिरवी फांदी रोवलेली दिसली. पोरासोरांचा खेळ समजून मी ती उपटून बाजूला टाकली आणि तसाच पुढे गेलो. पाच पावलांवर चाक रुतलं. खालचा चिखल नुकता लिंपलेला होता. जोर लावून सायकल ओढली तसा हातभर रुंदीचा लगदा शेताच्या बाजूला घसरला आणि बांधाला खाच पडली. मी कसाबसा पलीकडे कोरड्यावर आलो, कुणी पाहिलं नाही ना याची खात्री केली आणि सायकलवर टांग टाकली.

पन्नासेक पावलं गेलो असेन. सहज मागे पाहिलं. पाणी तिवरांच्या खोडांवर चढत होतं, आणि बांध सगळ्यात खाली होता तो मी पाडलेल्या खाचेपाशी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. काल विसर्जन, म्हणजे आज पौर्णिमा. पौर्णिमेला उधाण येतं. कॅलेंडर रोज पाहणाऱ्या माणसाला हे कळायला चिखलात उतरावं लागलं. कल्याण समोर होतं. खरं सांगतो, एक पाय पॅडलवरच होता.

मी मागे फिरलो आणि शेताकडे तोंड करून ओरडलो. साठीच्या एक बाई, काष्टा खोचलेल्या, शेतातून धावत आल्या. त्या हिराबाई. त्यांच्यामागे फावडं घेऊन सून, मंगल.

"कोनी केलं ह्या?"

"मी. फांदीचा अर्थ मला कळला नाही, मावशी."

"ओला बांध हाय म्हनून लावली व्हती! काल रातच्या भरतीनं फुटला, सकालपासून लिंपला आमी दोघींनी. पोरगा कामाव गेलाय. आता खारं पानी शेतान शिरलं तं यंदाचं भात गेलं, न पुरची दोन वरसं पन काय पिकाचं नाय!"

मी काहीतरी माफीचं बोलू लागलो. त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं.

मंगल चिखल खणत होती, मी वाहत होतो, हिराबाई पेंढ्याचा थर, त्यावर चिखलाचा थर, टाचेने दाबत चढवत होत्या. मी घाईने घमेलं उलटलं की सगळं घसरायचं. "टाकू नको रं, ठेव!" त्या ओरडल्या. परक्या माणसाला आपण तू म्हटलं, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. पाणी खाचेच्या तळाला लागलं, तेव्हा मी माझा शर्टसुद्धा त्या चिखलात कोंबला.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिघं बांधावर बसलो. पाणी चढत चढत नव्या चिखलाच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. तिथे झेंडूची एक भिजलेली माळ तरंगत होती, आदल्या दिवशीचं निर्माल्य. ती बराच वेळ जागची हलेना. मग सावकाश समुद्राकडे सरकू लागली. "वाट फिरली पान्याची," मंगल म्हणाली आणि पदराने तोंड पुसत रडायलाच लागली.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. हिराबाई म्हणाल्या, "चला, जेवाला."

घरी त्यांनी मुलाचा सदरा दिला. ताटात निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचं) कालवण आणि त्याच शेतातला गेल्या वर्षीचा लाल भात होता. मी भात नुसताच चिवडत होतो. माझं पान बघून त्या म्हणाल्या, "लांबून बघत व्हते मी तुमाला, म्हाईत असून इचारलं कोनी केलं. म्हनलं, गेला हा. मंग तुमी फिरलाव. जेवा आता."

मी दोनदा भात मागून घेतला. इतक्या आपलेपणाने मला परक्या घरी कुणी वाढलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर माझी लायकीही नव्हती. त्या दोघींचे उपकार मी आजही मानतो.

तिथूनच परत फिरलो. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा कोपरापर्यंत चिखल वाळलेला होता. हिने दारातच विचारलं, "पाहिलंत का कल्याण?"

"नाही."

ते मी पुढेही सायकलने कधी पाहिलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या पन्नास पावलांचं. मी तसाच गेलो असतो, तर हिराबाईंच्या शेतात पाणी शिरल्याचं मला कधी कळलंही नसतं. खाडी किती सुंदर होती, कल्याणच्या किल्ल्यावर वारा कसा छान सुटला होता, हे सगळं मी इथे तुम्हाला आनंदाने लिहून सांगितलं असतं.