आतोबांची डबल बेल

माझ्या आतोबांइतका फिरता माणूस साऱ्या सिंधुदुर्गात झाला नसेल, आणि एकदा बसल्यावर जागचा न हलणाराही दुसरा नसेल. आत्या लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, पुढे एसटीतली कंडक्टरकीही संपली. तेव्हा त्यांनी स्वतःच्या घराला कुलूप घातलं आणि बायकोच्या माहेरची सगळी घरं हा आपला मार्ग ठरवून टाकला. देवगडला थोरले मेहुणे, वैभववाडीला चुलत मेहुणे, ओरोसच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझी चुलतबहीण आणि मालवणला आम्ही. जावई म्हटल्यावर हाकलता येत नाही, आणि पाहुण्यासारखे तर ते एक दिवस वागले नाहीत. पत्र नाही, फोन नाही. दारात वहाणांची करकर, खांद्याला खाकी पिशवी आणि उंबऱ्यावरूनच कंडक्टरी प्रश्न, "खंय जावचा?", म्हणजे कुठे जायचं? हा प्रश्न खरं तर आम्ही त्यांना विचारायचा. पण त्यांनी तो आयुष्यभर दुसऱ्यांनाच विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या माणसाकडे वळले नाहीत.

त्या पिशवीत दोन धोतरं, एक अडकित्ता आणि एक पितळी घंटी असे. घंटीला लांबलचक सुती दोरी. ज्या घरी जातील तिथे हात-पाय धुण्याआधी ते ही दोरी पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत वाशांना अडकवत ओढून घेत, जुन्या गाडीत असायची तशी. मग पडवीच्या कोपऱ्यात बसून कारभार सुरू. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. पानात भात पुरे झाला की एक, कढी हवी असली की दोन. आई-बाबांची कुरबुर सुरू झाली की एक, आणि आई रुसून बसली की थोड्या वेळाने हळूच दोन. पहाटे साडेपाचला मात्र असे दोन टोले पडत की आमच्या माडावरचे कावळेसुद्धा उठून कामाला लागत.

ते बसतील त्या घरात काहीतरी सुरू होई, काहीतरी बंद पडे. देवगडला मेहुण्यांचं एक हापूसचं कलम वर्षानुवर्षं नुसतं पानांनी माजलं होतं. आतोबांनी दोरीचं टोक त्याच्या फांदीला बांधलं आणि त्या साली ते मोहरलं. मेहुण्यांनी खत घातलं होतं हे खरं, पण आतोबांच्या मते कलमाला खताची नव्हे, कोणीतरी 'चला' म्हणण्याची गरज होती. वैभववाडीला मात्र चुलत मेहुण्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले असताना, मुलाचे वडील मानपानाची यादी सांगू लागल्याबरोबर यांनी ठणकन एक टोला दिला. पाहुणे चहा न घेता उठले. पुढे त्या मुलीला फार चांगलं स्थळ मिळालं, पण वैभववाडीकरांनी त्यानंतर वर्षभर यांच्याशी बोलणं टाकलं होतं. आतोबा तरीही तिथे दोनदा राहून आले.

अशा माणसाला त्यांच्या बसल्या जागेवरून एकदाच उठवलं गेलं, आणि ते माझ्यामुळे.

तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते. विषय उंदराच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल. या पेशी अजून कशाच्याच झालेल्या नसतात. पुढे त्यांची कातडी होईल, हाड होईल, मेंदू होईल. त्यांच्यात कोणती जनुकं जागी असतात आणि त्यांना जागं कोण करतं, एवढंच मला शोधायचं होतं. आता जनुकांच्या या लांबलचक धाग्यात काही तुकडे फिरते असतात. कधी ते स्वतः उठतात, कधी त्यांच्या नकला निघतात आणि भलत्याच जागी जाऊन बसतात. त्यांचा पसारा एवढा की त्यांना कचरा म्हणायची सवयच पडली होती, आणि आमच्याकडे आकडेमोडीआधी संगणकातून ते गाळून टाकायची रीत होती. मी एकदा गाळायला विसरले. आणि मला दिसलं, की मूळपेशीत जागं असलेलं एक जनुक नेमकं अशाच एका तुकड्यापाशी सुरू होतंय. आनंदाने उड्या मारत गाइडांकडे गेले. ते म्हणाले, "चूक झाली आहे तुमची. गाळा, आणि दुसरा विषय बघा."

दोन वर्षं पाण्यात गेली असं समजून मी मालवणला आले. बाबांनी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या जागेचा अर्ज आणून ठेवला होता, सोमवारपर्यंत द्यायचा. "बरी नोकरी आसा, घरातून जाशीत," ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. मी आठवडा मागून घेतला होता: गाइडांना पटेल असं काही लिहून होतंय का ते बघायचं, नाहीतर सही करायची.

आतोबांचा मुक्काम तेव्हा आमच्याच पडवीत होता. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुका खंय जावचा आसा गो?" उत्तराऐवजी मी त्यांना सगळा विषयच सांगितला. अडकित्ता थांबवून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मगे त्या तुकड्याक काढून बघलंस?"

"काढतोच आम्ही, आतोबा. सगळेच काढतात," मी हसले.

"काढल्यार काय बंद पडता?"

"काही नाही. कचरा आहे तो."

"बरा," म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले.

दुसऱ्या दिवसापासून घंटीने माझं डोकं उठलं. एक ओळ लिहिली की टण, दुसरी लिहिली की टणटण. मी बाबांकडे तक्रार केली. बाबा बिचारे कसेबसे म्हणाले, "भावोजी, चेडवाक लिवचा आसा. चार दिस ओरोसाक जाऊन येवा." आतोबांनी अडकित्ता मिटला. दोरी गुंडाळली, पिशवी उचलली, आणि उंबऱ्यात उभं राहून हातातल्या घंटीचा एकच टोला दिला. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी घर थांबलं. बाबा साडेसातला उठले, धावत बंदरावर गेले तर मासळीचा लिलाव आटोपलेला आणि कोल्हापूरला मासळी पाठवायचा त्यांचा टेम्पो रिकामा उभा. आई पंप लावायला विसरली. मला हवी होती ती शांतता अखेर मिळाली आणि तिच्यात मी नऊ वाजेपर्यंत झोपले. त्या रात्री बाबांनी गजर लावला. सकाळी तो वाजला आणि तिघांनीही दुसरा कोणी बंद करील म्हणून वाजू दिला. तिसऱ्या दिवशी आई बिनपाण्याच्या नळाखाली कळशी धरून म्हणाली, "ती घंटी वाजल्याशिवाय माझे हातच चालनत नाय गो."

मी हातातला चहा खाली ठेवला. आम्ही तो तुकडा काढत होतो खरा, पण कागदावरून. पेशीतून तो काढून, काय बंद पडतं हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

पुढच्याच गाडीने मी ओरोसला गेले. तिथे दोरी बांधून झाली होती, आणि माझी बहीण त्यांना सोडायला तयार नव्हती. तीन दिवस तिचा नवरा कचेरीत वेळेवर पोचत होता. मी आतोबांच्या पाया पडले, चुकले म्हणाले. त्यांनी वर बघून विचारलं, "खंय जावचा?"

"पुण्याक," मी म्हटलं.

त्यांनी हात वर करून दोरी दोनदा ओढली.

बाबांचा अर्ज कोराच राहिला. पुण्यात मी त्या जनुकाचा सुरुवातीचा भाग हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडला, एकदा फिरत्या तुकड्यासकट, एकदा तुकडा कापून, आणि हे दोन्ही जोड मूळपेशींत घातले. हे लिहायला एक ओळ लागते, करायला आठ महिने लागले. तुकडा होता तिथे पेशी हिरव्या चमकल्या. कापला होता तिथे अंधार. गाइडांनी तीनदा पुन्हा करायला लावलं आणि चौथ्यांदा स्वतः खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकापाशी बसले. दोन्ही तबकड्या आलटूनपालटून बघितल्या. मग म्हणाले, "गाळू नका."

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी आतोबांचं नाव पहिलं घातलं. गाइडांनी विचारलं, "हे गृहस्थ कुठल्या संस्थेत असतात?" मी म्हटलं, "फिरते असतात." प्रत घेऊन घरी गेले, आतोबांचं बोट धरून त्यांच्या नावावर ठेवलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. बोट तिथेच ठेवून ते म्हणाले, "म्हणजे माझा टिकीट फाडलंस." आभार हा शब्द आमच्या घरात लग्नपत्रिकेपुरताच वापरतात, त्यामुळे तो मी तोंडाने उच्चारला नाही. तो उच्चारायला हवा होता.

ते आमच्याच पडवीत गेले, दुपारी, बसल्या बसल्या. देवगड, वैभववाडी, ओरोस, सगळी घरं आली. वर्षभर न बोललेले वैभववाडीकर सगळ्यांत आधी आले. खांदेकरी उभे राहिले, आणि का कोण जाणे, पाऊल कोणी उचलीना. तेव्हा बाबा मागे वळून पडवीत गेले आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली. मग माणसं चालू लागली.

ती दोरी आम्ही काढलेली नाही. पहाटे साडेपाचला आता बाबा घंटी वाजवतात. मी घरी असले की त्याआधीच जागी असते, पण दोन टोले पडेपर्यंत उठत नाही.