हिराक्काच्या मागचा समुद्र

चूक माझीच होती. माझ्या चुलतीला, हिराक्काला, सत्तराव्या वर्षी अख्ख्या गावात खोटारडी ठरवलं ते मी. आणि तेही अगदी खरे फोटो काढून!

आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडे. हिराक्काचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. पाणी म्हटलं की तिला तळं, विहीर आणि अलीकडे कॅनॉल, एवढंच ठाऊक. तिची एकच इच्छा उरली होती : समुद्र बघायचा आणि समुद्रासोबतचा आपला फोटो शेजारच्या तानूबाईला दाखवायचा. (बघायची इच्छा जरा कमी, दाखवायची जास्त.)

दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको, मुलगी पूजा आणि हिराक्का जीप ठरवून कोकणात गेलो. संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र तुडुंब! हिराक्का नवं लुगडं सावरून, पाण्याकडे पाठ करून ताठ उभी राहिली.

"काड रं बापू!"

"आत्ता नको आक्का. सूर्य समोर हाय, तोंड काळं येतंय. सकाळी ऊन माझ्या पाठीमागनं येईल, तवा काडू."

"बाबा, काढा हो! मी एडिट करून चेहरा उजळते," पूजा म्हणाली. "दोन सेकंदांचं काम."

"खोटा फोटो आपल्या घरात चालायचा नाही! फोटो कसा साधा हवा. दिसतं तेच आलं पाहिजे."

"आवं, एखादा काढून ठेवा की," बायको म्हणाली. "म्हातारं माणूस सजून उभं हाय."

पण तत्त्व म्हणजे तत्त्व! सूर्य बुडेपर्यंत हिराक्का तशीच उभी होती आणि मी तिला उजेडाचं महत्त्व सांगत होतो.

सकाळी चहापोहे उरकून नऊला गेलो, तर समुद्र जागेवर नव्हता! नुसती ओली, करडी वाळू. पार लांब पाण्याची एक रेघ, तीही ज्याची नजर चांगली त्यालाच दिसावी अशी.

हिराक्का हबकली. "आगं बया! रातीत पानी कुनी सोडलं?" मग स्वतःच म्हणाली, "आवर्तन संपलं आसंल. कॅनॉलचं पानी बी आसंच पाळी संपली की बंद करत्यात मेले."

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. साहजिकच वाळूत काठीने पृथ्वी आणि चंद्र काढून मी ओहोटी समजावली. चांगला पाऊण तास! (तेवढ्यात पाणी आणखी मागे गेलं.)

"मग परत कवा भरतंय?"

"संध्याकाळी सहाच्या सुमाराला."

"जीपवाला अकराला निघणार," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

ऊन मात्र सुरेख पडलं होतं. मी चाळीस फोटो काढले. लुगड्याचा काठ, कपाळावरची सुरकुती, सगळं स्वच्छ!

गावी देवळाच्या कट्ट्यावर तानूबाईने चष्मा पुसून मोबाईल हातात घेतला.

"ह्ये तर आपलं तळं हाय की! उन्हाळ्यातलं."

"समिंदर हाय त्यो!"

"मग पानी कुटं हाय?"

"गेलतं."

"कुटं गेलतं?"

हिराक्का अडखळली. "चंद्रानं वढून नेलं. बापूनं सांगितलं."

कट्टा असा हसला की शिखरावरची कबुतरं उडाली! त्या दिवसापासून हिराक्का कट्ट्यावर जायची बंद झाली. मला ती एका शब्दानेही बोलली नाही, हेच वाईट. चहाचा कप पुढे करताना फक्त म्हणायची, "घे बापू. ऊन मातुर झ्याक हुतं त्या दिशी."

पूजाने विचारलं, "आज्जी, फोटोत मागं समुद्र लावून देऊ?"

"नगं बाय. तुज्या बाला खोटं चालत न्हाई."

मी हातातला कप तसाच ठेवला, हिराक्काला हाताला धरून कट्ट्यावर नेलं आणि तानूबाईसकट सगळ्या बायकांसमोर हात जोडले.

"आक्का, चुकलो."

"मोठ्यानं म्हन. तानीला कमी ऐकू येतंय."

"चुकलो, आक्का!" मी ओरडलो. "त्यो समिंदरच हुता! भरती-ओहोटी मी वीस वर्सं पोरांस्नी शिकवतोय, पर समुद्र मी बी त्या दिशीच पयल्यांदा बघितला! मला वाटलं, सकाळी बी तितंच आसंल!"