जास्तीचा कप

"भूत कुठं हाय याच्यात?" पटलेभाऊंनी विचारलं.

मी नुकतीच त्यांना अख्खी कथा ऐकवली होती. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटक असंच विकलं जातं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि त्या रात्री नाटक लागतं. गावची कमिटी आधी कथा ऐकते, मग बुकिंग देते. पटलेभाऊ सडक अर्जुनीजवळच्या एका गावच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी नाही म्हटलं की आजूबाजूची गावंही नाही म्हणत. माझं नवं नाटक उभं राहण्याआधीच झोपलं असतं.

कथा एका मास्तरांनी लिहिलेली. एका घरात रोज एक ताट जास्त वाढतात. नवी सून विचारते, हे कोणाचं? कोणी सांगत नाही. पुढे ती सासू होते. तिची सून तेच विचारते. ती म्हणते, "वाढ." बस, संपली.

वाचल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. असं का होतं, हे विचारायला मी गोंदियात एका प्राध्यापकांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "ताट मृत्यूचं प्रतीक आहे. पण तुम्ही धंदेवाले, तुम्हाला सांगून काय उपयोग?"

पडदा ओढता ओढता मी नाटक कंपनीचा मालक झालो. असली वाक्यं मी विसरत नाही.

"भूत नाई त लोकं येतीन कायले?" पटलेभाऊ म्हणाले. "पांढऱ्या साडीतली एक बाई टाका. बुकिंग पक्की."

"डान्स टाकतो. दोन टाकतो. भूत नाही."

"मंग जमत नाई जी."

माझं डोकं सटकलं. स्क्रिप्ट पिशवीत कोंबली आणि तोंडून काही जाण्याआधी हात धुवायच्या निमित्तानं मागे गेलो. तिथे पटलेवहिनी चहा गाळत होत्या. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वहिनी, एक कप जास्त आणा. कोणी विचारलं तर..."

"सांगाचं नाई. समजलं मले."

ओसरीत पटलेभाऊ, कमिटीचे दोघं आणि मी, असे चौघं होतो, खुर्च्या पाच. वहिनींनी पाचवा कप रिकाम्या खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवला.

"हा कोणाचा वो?" पटलेभाऊ म्हणाले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

बोलणं सुरू राहिलं, पण नजरा त्या कपाकडे. चहावर साय धरली. तेवढ्यात कमिटीचा आणखी एक मेंबर उशिरा आला. "चहा थंडा होऊन राहिला बाप्पा," म्हणत त्यानं तीच खुर्ची ओढली.

"तिथं नको बसू," पटलेभाऊ म्हणाले.

"काऊन?"

पटलेभाऊंनी हातानं खाट दाखवली. "बस नं इकडं, खाटेवर."

तो मुकाट्यानं खाटेवर बसला. ताट कोणाचं, यात भीती नाही, हे मला तेव्हा कळलं. आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं, तरी आपण पुढच्याला गप्प करतो, भीती त्यात आहे.

"भाऊ, भूत कुठं दिसलं?" मी विचारलं.

पटलेभाऊंनी एकदा कपाकडे पाहिलं. "लबाड हाय तुमी," म्हणाले आणि बुकिंग दिली.

मंडईला प्राध्यापकांना मी मुद्दाम बोलावलं. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली आणि पटलेभाऊंच्या माणसांना सांगितलं, कोणाला बसू द्यायचं नाही, कारणही सांगायचं नाही. प्राध्यापक उशिरा आले. तेवढीच खुर्ची मोकळी होती.

"तिथं नका बसू, सर," पटलेभाऊंचा माणूस म्हणाला.

"का?"

तो माणूस स्टेजकडे बघू लागला. प्राध्यापकांनी खुर्चीकडे पाहिलं, मग बाजूला सरकले आणि अख्खं नाटक मंडपाच्या बांबूला टेकून उभ्यानं पाहिलं.

भूत उभं करायला साडी लागते, पावडर लागते, नट लागतो. उत्तर न द्यायला काहीच लागत नाही. राहिलं सरांचं प्रतीक. ताटासारखी ती खुर्चीही प्रतीकच. मग तिच्यावर बसायला सर एवढे का घाबरले, ते मी त्यांना विचारलं नाही.