चढावर उतरणारा काटा

मला गाडी चालवताना रस्त्यापेक्षा काटा जास्त दिसतो, असं माझी बायको म्हणते. खरं आहे ते. शाळेची एक जुनी डिझेल बस विकत घेऊन मी तिचं फिरतं घर केलं. मागे झोपायला दोन बाक, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. पण या सगळ्यापेक्षा जास्त वेळ घातला तो इंजिनाच्या तापमानात. गाडीचा मूळचा काटा आळशी वाटला, म्हणून शेजारी आकडे दाखवणारा वेगळा मीटर बसवला. सपाटीला ऐंशीच्या वर, चढाला नव्वदच्या आसपास, उताराला परत खाली. आकडा नव्वदच्या पुढे सरकला की एसी बंद, गिअर खाली आणि गाडीतल्या सगळ्यांची तोंडं बंद. लांबच्या प्रवासात माझ्या शेजारी बसायला कोणी फारसं उत्सुक नसतं.

बाबा मात्र बसायचे. कोलशेतच्या खाडीत त्यांनी उभा जन्म होडी चालवली, आधी वल्ह्यांची, मग डिझेल इंजिनाची. आमच्या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधे, रेक्झिन चढवलेल्या झाकणाखाली आहे. त्या झाकणावर तळहात ठेवून ते बसत. माझ्या मीटरकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. होडीवर मीटर नसायचा. तिथे इंजिन खाडीचंच पाणी ओढून घेतं, अंगातून फिरवतं आणि बाजूच्या नळीतून बाहेर फेकतं. ती धार पडत असली की इंजिन ठीक. 'पानी मारतंय' एवढं म्हटलं की खलाशी निर्धास्त.

गेल्या वर्षभरात बाबांचं विसरणं वाढलं होतं. गॅस सुरू राहायचा, दार उघडं राहायचं. एकदा ते खाडीच्या चिखलात गुडघाभर उभे सापडले, भरतीची वाट बघत. डोंबिवलीहून ताई आली आणि माझ्याशी स्पष्टच बोलली. "तुम्ही दोघं दिवसभर कामावर. विठ्ठलवाडीजवळ एक वृद्धाश्रम बघून आलेय मी. स्वच्छ आहे." मी तिच्यावर तडकलो. बाबांना काही झालेलं नाही, चार भिंतींत कोंडल्याने तसं होतंय, आठवडाभर गाडीतून फिरवून आणतो, मग बोल, असं म्हणालो. ताई शांतपणे म्हणाली, "ने. नीट गेलं तर परत हा विषय काढणार नाही. पण काही झालं तर माझ्याबरोबर ती जागा बघायला यायचं." मी हो म्हणालो. त्या सहलीवर बाबांचं घर टांगलेलं होतं, आणि ते मी माझ्या तोंडानेच टांगलं होतं.

भाद्रपदात निघालो, आम्ही दोघंच. बायकोला रजा नव्हती. आदल्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. सकाळी तेल बघितलं, रेडिएटरच्या जोडीच्या बाटलीतलं पाणी बघितलं, खुणेला बरोबर होतं. शहाडच्या पुलाआधी गाड्या इतक्या तुंबलेल्या की आकडा जरा चढला, मग पंखा लागला आणि उतरला. मी मनातल्या मनात इंजिनाची पाठ थोपटली. मुरबाडला चहा घेतला. बाबांनी टपरीवाल्याला, हा माझा पोरगा, ही गाडी त्याने स्वतः बांधली, असं सांगितलं. मला इतका आनंद झाला की तिथूनच ताईला मेसेज केला, बघ, सगळं नीट आहे.

माळशेजच्या पायथ्याला धुकं लागलं. वर जाऊ तसं ते दाट होत गेलं, वळणावरचे पांढरे दगड आयत्या वेळी दिसायचे. समोरून एकही गाडी येईना. चढाला आकडा नव्वदच्या जवळ गेला, मी एसी बंद केला, आणि मग आकडा उतरायला लागला.

ऐन चढावर, जड गाडी, खालचा गिअर, आणि आकडा ऐंशी, मग सत्तर, मग साठ. शेजारचा मूळचा काटाही खाली आला. माझा जीव भांड्यात पडला. बाहेरची हवा गार आहे, भिजलेला वारा रेडिएटरवर येतोय, मी स्वतःची समजूत घातली. बाबांना पायाला थंडी वाजत होती म्हणून हीटर लावला. त्यातून गार वारा आला. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी गारच, तळघराचं दार उघडल्यावर यावा तसा.

बाबांनी झाकणावरचा हात उचलला. मग खिडकीची काच खाली करून ते बाहेर वाकले आणि गाडीच्या कुशीकडे बघत राहिले.

"पानी नाय मारत," ते म्हणाले.

"बाबा, ही गाडी आहे. आत या."

"नाय मारत पानी."

ते पुनःपुन्हा तेच म्हणत होते, सावकाश, कोणाला तरी कळवायचं असावं तसे. माझ्या अंगावर काटा आला. इंजिनाला काही झालंय म्हणून नव्हे. ताईचं म्हणणं माझ्या शेजारी बसून बोलत होतं म्हणून. मी हात लांब करून झाकणावर ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मीटर पंचावन्न दाखवत होता. तेवढ्यात इंजिनातून खडखड आली, ताकद गेली आणि गाडी धुक्यात उभी राहिली.

मागच्या चाकाला दगड लावले आणि खाली वाकलो. रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायची बारकी चावी असते, ती अर्धी सैल होती. तिच्यातून शेवटचे थेंब पडत होते. सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच पाण्याची गरमी सांगतो. पाणी संपलं तसा तो आतल्या रिकाम्या जागेची सांगत बसला होता, आणि त्याच पाण्यावर चालणारा हीटरही गार पडला होता. आत लोखंड करपत होतं आणि दोन्ही मीटर मला सांगत होते की सगळं गार आहे. सकाळी बघितलेली बाटली मात्र भरलेली होती तशीच होती.

उठून बघतो तर बाबा सीटवर नव्हते.

हाक मारली, उत्तर नाही. कठड्याच्या बाजूने लांबट आवाज आला, 'होऽऽ' असा. होडी धुक्यात अडकली की तिचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, देतात तसा. मग थांबून ऐकण्याएवढी शांतता. आणि मग खालच्या दरीतून उत्तर आलं. दरीचाच प्रतिध्वनी असणार. पण तो उशिरा आला आणि बाबांच्या आवाजापेक्षा कोवळा वाटला. बाबांनी मान हलवली, ओळखीचं कोणी भेटल्यासारखी. मी इतका घाबरलो की पळत जाऊन त्यांचा दंड धरला.

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तू कोनाचा रं?"

मी त्यांचा पोरगा आहे हे सांगायला माझं तोंडच उघडेना. "इथलाच," मी म्हणालो.

त्यांना बरं वाटलं. ते जवळ आले आणि आवाज खाली आणला.

"इंजिनातलं पानी मीच सोडलं, काल. पाऊस लागला, होडी वर घ्यायची वेल झाली. खारं पानी आत ठेवलं तर इंजिन सडतं. सोडलं, धुतलं, गोडं पानी भरलं. चावी आवलायची राहिली वाटतं." माझ्या शर्टाची बाही त्यांनी मुठीत धरली. "माझ्या पोराला सांगू नुको. त्याची बहीन मना कुठं तरी ठेवायचं बोलते. तो नाय बोलतो. त्याला हे कललं तर तो पन हो बोलंल."

"नाही सांगत," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण धुक्याने दोघांचेही चेहरे ओलेच होते.

खिशात फोन वाजला. तेवढ्यापुरती कुठून तरी रेंज आली होती. ताई होती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"कुठे पोचलात?"

"घाटात. गाडी बंद पडलीय. पाइप फुटला. जुना होता."

"आणि बाबा?"

"मजेत आहेत."

"ओळखतात ना तुला?"

"हो," मी म्हणालो. "ओळखतात."

फोन ठेवला. बाबांनी माझी बाही सोडली आणि मला हात जोडले.